संग्रहासाठी रिव्हॉल्व्हर? आधी बोअर बघा!

बीड जिल्ह्यात बंदुकीचा विषय काढला की हल्ली माणसं आवाज खाली करून बोलतात. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यात बंदूक वापरली गेली नव्हती, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली आणि आकडा बाराशेच्या वर असल्याचं बाहेर आलं. २०२५ मध्ये त्यातले शंभरावर परवाने रद्द झाले. कमरेला लावून मिरवायचं, वरातीत हवेत बार काढायचा, ही हौस आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेली आहे. तिच्याबद्दल इथे काही लिहायचं नाही.

हौस दुसरीही असते. जुनं घड्याळ, जुना ग्रामोफोन, तसं एखादं दुर्मिळ रिव्हॉल्व्हर विकत घ्यावं, त्याचं यंत्र समजून घ्यावं आणि जपून ठेवावं! मेकॅनिकलवाल्यांना तर ही हौस चटकन कळेल. फक्त आपल्या देशात ती पुरी करताना एक मेख आहे. रिव्हॉल्व्हर जितकं नामांकित, तितकं ते घरात ठेवणं अवघड. असं का, ते एका खऱ्या नमुन्यावरून बघू.

नमुन्याचं नाव वेब्ली-फॉसबेरी. जॉर्ज फॉसबेरी हा ब्रिटिश अधिकारी हिंदुस्थानातल्या सैन्यात होता. वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत १८६३ साली त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याची बुद्धी यंत्रात चालायची. शॉटगनच्या नळीला फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत आटे पाडायचे, म्हणजे त्याच नळीतून छर्रेही जातील आणि गोळीही नेमकी जाईल, ही 'पॅराडॉक्स' बंदुकीची कल्पना त्याचीच. १८९५ मध्ये त्याने स्वतःच फिरणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि १९०१ पासून बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने ते बाजारात आणलं.

आता यंत्र. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी मेहनत आपल्या बोटाची. चाप ओढला की आतला पंजा सिलिंडरच्या मागच्या रॅचेटला ढकलतो, सिलिंडर एक घर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. एवढी कामं एका बोटाने करायची म्हणजे चाप जड, आणि चाप जड म्हणजे नेम हलणार. फॉसबेरी म्हणाला, गोळी सुटताना मागे जो दणका बसतो तो फुकट का घालवायचा?

त्याने रिव्हॉल्व्हरचे दोन मजले केले. खाली मूठ आणि चाप, वर नळी आणि सिलिंडर. गोळी सुटली की वरचा मजला खालच्यावरून मागे सरकतो आणि स्प्रिंग त्याला परत पुढे आणते. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या आहेत आणि खालच्या मजल्यावर एक पक्की खुंटी त्या खाचेत बसलेली आहे. मागे सरकताना तिरकी खाच खुंटीवरून घसरते आणि सिलिंडर ३० अंश फिरतो, पुढे येताना उरलेले ३० अंश. सहा घरांचा सिलिंडर, म्हणजे ६० अंशांत नेमकं पुढचं काडतूस नळीसमोर. त्याच सरकण्यात घोडाही चढतो. थिअरी ऑफ मशीन्सला सिलिंड्रिकल कॅम शिकताना डोळ्यांपुढे काही येत नसेल तर हे आणा. पहिल्या गोळीला तेवढं हाताने तयार करावं लागतं, पुढच्या पाच गोळ्या हलक्या चापावर.

गंमत पुढेच आहे. मूठ ढिली धरली तर हे रिव्हॉल्व्हर अडतं! दणक्याने वरचा मजला मागे जातोच, पण सैल हातात खालचा मजलाही त्याच्याबरोबर मागे जातो. दोघांमधली सापेक्ष गती उरत नाही, खाच पूर्ण घसरत नाही आणि सिलिंडर अर्ध्यात राहतो. शिवाय खाचा बाहेर उघड्या. धूळ-चिखल गेला की खेळ खलास. सैन्याने ते अधिकृतपणे कधी घेतलं नाही. त्या काळी अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशाने घेत, अट एवढीच की त्यात सैन्याचं .४५५ चं काडतूस चाललं पाहिजे. अशा हौशी गिऱ्हाइकांवरच ते खपलं. एकूण पाच हजारांहूनही कमी बनली, म्हणून आज दुर्मिळ. (१९४१ च्या 'द माल्टीज फाल्कन' सिनेमात याचाच उल्लेख आहे, पण तिथे .४५ बोअरला आठ गोळ्या सांगितल्या आहेत. आठ गोळ्यांचं मॉडेल .३८ चं होतं. सिनेमावाल्यांची व्हायवा घ्यायला हवी होती!)

आपल्या अंबाजोगाईचं नाव निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. असली हत्यारं घेणारे अधिकारी अशाच छावण्यांतून असत. त्यांच्यामागे राहिलेल्या वस्तू जुन्या घरांत, कोठारांत कुठेकुठे निघतात, त्यामुळे "वाड्यात सापडलं, घेता का?" हा सौदा मराठवाड्यात अगदीच अशक्य नाही.

असा सौदा समोर आला तर जाणकार काय बघतो? आधी नंबर. फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांच्यावरचे नंबर एकच आहेत का. नसतील तर तीन रिव्हॉल्व्हरचं मिळून एक केलेलं आहे. मग कसोटीचे शिक्के. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जादा दाबाचं काडतूस उडवून तपासली जाते आणि मगच तिच्यावर शिक्का बसतो. नकली मालात नेमके हे शिक्के गंडतात, कंपनीच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकतं. बिहारमधलं मुंगेर असल्या नकलांसाठी प्रसिद्ध आहे. मग नळीच्या आत बघायचं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून क्षार मागे राहतात, ते हवेतली ओल ओढतात आणि आटे गंजतात. फॉसबेरीत खाचांच्या कडा आणि खुंटी झिजली आहे का तेही बघावं लागतं. आणि एक उलटं वाटणारं पण खरं: मूळची काळी झळाळी उडालेली असली तरी किंमत टिकते, नव्याने निकेल चढवून चकाचक केलं की पडते. म्हणून घरातल्या जुन्या वस्तूला पॉलिश पेपर लावू नका.

हे सगळं जमलं, पैसेही जमले, तरी अजून कायदा बाकी आहे. भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. पूर्वापार नियम असा की ज्या पिस्तुला-रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चं काठाचं काडतूस, अथवा सैन्याचं ९ मिलिमीटरचं काडतूस चालतं, ते प्रतिबंधित बोअर. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्र सरकारकडचा. म्हणजे आपलं .४५५ चं फॉसबेरी गेलंच, आणि ब्रिटिश सैन्याची बहुतेक नामांकित रिव्हॉल्व्हरंही गेली. विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल चौदा. साध्या बोअरला दोन ते पाच.

यामुळे आपल्या बाजारात एक विचित्र उलथापालथ झाली. परवान्यावर चालतं ते .३२, म्हणून कानपूरच्या कारखान्यात बनतं तेही .३२. वर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशातून हत्यार आणणं बंद. मग देशात आधीपासून असलेली जुनी विलायती .३२ ची रिव्हॉल्व्हरंच हातोहात फिरतात आणि लाखांत जातात. बाहेर ज्याला कुणी विचारणार नाही त्याला इथे भाव, आणि बाहेर ज्याच्यासाठी हजारो डॉलर मोजतात त्याला इथे कायदेशीर गिऱ्हाईक नाही. माझ्या मते विक्रेत्याच्या तोंडचा "दुर्मिळ" हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न किमतीचा नको, बोअरचा हवा.

आणि 'संग्रह' तरी किती मोठा? २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका, वारशाने आलेली धरून. वय किमान २१, त्यामुळे एफई-एसईवाल्यांचा प्रश्न मिटलाच. दोन परवानाधारकांत आपसात विक्री होऊ शकते, पण आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. जो माणूस "आज रोख द्या, आज घेऊन जा" म्हणतो त्याच्याशी बोलणंच थांबवा.

एक दार जरासं उघडलं आहे. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार 'क्युरिओ' या प्रकारात मोडणारी छोटी हत्यारं मिळवायला आणि घरात ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायची, बाळगून फिरायची किंवा दुसरीकडे न्यायची तर मात्र लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतूस मिळत नाही. पण आपली वस्तू क्युरिओ आहे हे आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून ते लेखी घ्यायचं, आणि बोअर प्रतिबंधित असेल तर त्याचा उल्लेख अर्जात स्पष्ट करायचा.

शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात विकत न घेताच असं काही आहे. परवानाधारक आजोबा गेले की त्यांचा परवाना घराचा होत नाही. हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. हत्यार पिशवीत घालून बसने न्यायचं नाही, आधी ठाण्यात कळवायचं. जमा करताना पावतीवर "एक जुने पिस्तूल" एवढंच लिहून घेऊ नका. कंपनी, बोअर, नंबर, सिलिंडरची घरं किती, हे सगळं त्यावर आलं पाहिजे. अर्ज मंजूर होऊन वस्तू परत घ्यायला जाल तेव्हा तीच मिळते आहे हे ताडायला तेवढाच कागद तुमच्या हातात असेल.