दहाचाकीची शाळा

वरवट बकालहून माल बाहेर जायचा तर तो रस्त्यानेच जातो. संग्रामपूर तालुक्यातल्या या बाजाराच्या गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन शेगाव, तेही पूर्णा ओलांडून पलीकडे. इथला कापूस जिनिंगकडे निघतो, सोयाबीन आणि तूर बाजार समितीत, सातपुड्याच्या पायथ्याची संत्री-केळी दूरच्या मंडईत. परतीच्या गाड्या खत, सिमेंट आणि किराणा घेऊन येतात. यातली एकही गोष्ट ड्रायव्हरशिवाय हलत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नव्या कायद्यातल्या ‘हिट अँड रन’ तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला, तेव्हा दोनच दिवसांत महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या.

एवढं ज्याच्यावर अवलंबून आहे, तो माणूस आपलं काम शिकतो कुठे?

आजवरचं उत्तर एकच होतं: उस्तादाच्या हाताखाली. घरची दोन-चार एकर कोरडवाहू, शाळा मधेच सुटलेली, मग गावातल्याच कुणाच्या ट्रकवर किन्नर म्हणून चढायचं. काच पुसायची, टायर ठोकून हवा बघायची, ताडपत्री ओढून रस्सा आवळायचा, गाडी मागे घेताना उतरून आवाज द्यायचा. मग कधीतरी रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, “बस, धर स्टिअरिंग.” या पद्धतीने देशाला लाखो ड्रायव्हर दिले आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचं कसब थक्क करणारं आहे. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे, हौद्यातला माल कोणत्या बाजूला झुकला आहे हे वळणावर अंगाने जाणणारे लोक याच वाटेने तयार झाले.

पण या वाटेवर उस्तादाचं ज्ञान जसं हाती येतं, तशा त्याच्या चुकीच्या सवयीही येतात. अमुक करायचं नाही हे कळतं, का करायचं नाही हे कळत नाही. ट्रक चालवायला शिकवणारी रीतसर शाळा हवी, आणि ती वरवट बकालसारख्या गावातल्या मुलाला परवडेल इतकी जवळ हवी, ती याच कारणासाठी.

कायद्याची वाट

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे कार चालवण्याचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, पण मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या गाडीसाठी वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो, तरच ट्रकचं शिकाऊ लायसन्स निघतं. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा ‘फॉर्म ५’, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. केंद्र सरकारने ती २०१९ मध्ये काढून टाकली. लिहिता-वाचता कमी येणाऱ्या, पण हातात कला असलेल्या तरुणांना त्यामुळे दार उघडलं. मात्र औपचारिक शिक्षणाची अट गेली की प्रशिक्षणाची जबाबदारी दुप्पट होते, कारण रस्त्यावरच्या पाट्या, मालाची बिल्टी, ई-वे बिल, परमिट आणि फिटनेसची कागदपत्रं त्याच माणसाला सांभाळायची असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अवजड वाहनाचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान पंधरा तास असावेत. १ जुलै २०२१ पासून ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र’ हा नवा प्रकार आला. तिथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा आणि ३८ तासांचा आहे. केंद्राकडे किमान दोन एकर जागा, वर्गखोल्या, सिम्युलेटर आणि सरावाचा ट्रॅक असावा लागतो. इथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही.

घाटात कळणारं शास्त्र

एवढ्या तासांत शिकवायचं काय, हे समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्याचे रस्तेच पुरेसे आहेत. खामगावहून बुलढाण्याला जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथा घाट लागतो, मलकापूरकडून जाताना राजूर घाट. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की डिझेल वाचतं, हा समज जुना आहे. तो चुकीचा आणि जीवघेणाही आहे. गाडी गियरमध्ये असली की इंजिन स्वतःच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलला ही पकड सुटते आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. ब्रेक सतत दाबला की ड्रम तापतो, लायनरची पकड ढिली होते, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. शिवाय आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात, गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळपास बंदच होतो. म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, हा जुन्या उस्तादांचा नियम बरोबर आहे. शाळेत त्यामागचं कारण कळतं, म्हणून तो नव्या गाडीतही विसरला जात नाही.

तीच गोष्ट हवेची. ट्रकचा ब्रेक तेलावर नाही, दाबाखालच्या हवेवर चालतो. घाटात ब्रेक पुन्हा पुन्हा मारत राहिलं की टाकीतली हवा कॉम्प्रेसर भरून काढण्याआधीच संपत जाते. दाब धोक्याच्या पातळीखाली गेला की बझर वाजतो, आणि आणखी उतरला की आधुनिक ट्रकमधला स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागून चाकं जाम होतात. म्हणून निघण्यापूर्वी हवेचा काटा बघणं हा चांगल्या शाळेतला पहिला धडा असतो.

वजनाचंही गणित शिकावं लागतं. २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि दहाचाकी ट्रकचं मालासकट एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. शिवाय लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, आतल्या बाजूने येतात. चौकात डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला मोटरसायकलवाला घुसला, तर तो ड्रायव्हरला आरशात दिसेलच असं नाही. ट्रॅकवर शंकू लावून, एकदा केबिनमध्ये बसवून आणि एकदा बाहेर उभं करून हे दाखवलं, की शिकणाऱ्याच्या ते कायमचं लक्षात राहतं.

रस्ते बदलले, शिक्षण?

विदर्भातले रस्ते गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. एकूण ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा काही भाग बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूने जातो. याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. सरळ, एकसुरी महामार्ग ड्रायव्हरकडून वेगळीच शिस्त मागतो. कधी थांबायचं, झोप येण्याची पहिली लक्षणं कोणती, टायरचं तापमान आणि हवा कशी सांभाळायची, हे तिथे शिकलेलंच असावं लागतं. कामगार कायदा दिवसाला आठ तासांचं काम आणि मधे विश्रांती सांगतो. हा आपला हक्क आहे हे किती नव्या ड्रायव्हरना कुणी सांगितलेलं असतं?

देशात २०२२ मध्ये ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. प्रत्येक अपघाताला ड्रायव्हर जबाबदार नसतो; रस्त्याची रचना, गाडीची अवस्था, मालकाची घाई हेही असतं. पण शिक्षण हा या सगळ्यातला लगेच सुधारता येणारा भाग आहे.

इतरांनी काय केलं

अमेरिकेत ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर कम्युनिटी कॉलेजांनी उचलली आहे. घराजवळची, कमी फीची, सरकारी पैशावर उभी असलेली ही महाविद्यालयं नर्सिंग आणि वेल्डिंगच्या शेजारीच ट्रक चालवणंही शिकवतात. आधी वर्ग, मग मैदानात गाडी मागे घेण्याचा सराव, मग वाहत्या रस्त्यावर शिक्षकाच्या शेजारी. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नव्या ट्रकचालकाला नोंदणीकृत संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात ६ एप्रिल २०१८ ला एक ट्रक हम्बोल्टच्या हॉकी संघाच्या बसच्या आड आला आणि १६ जण गेले. ट्रकचालक या कामात अगदीच नवखा होता. पुढच्याच वर्षी त्या प्रांताने १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. आपल्या ३८ तासांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. पुण्यात १९६७ पासून केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, म्हणजे सीआयआरटी, काम करते आहे. तामिळनाडूत ट्रकवाल्यांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नामक्कलला अशोक लेलँडने नव्वदच्या दशकातच चालक प्रशिक्षण संस्था काढली. आणि विदर्भातलंच उदाहरण हवं असेल तर यवतमाळचं आहे. तिथे ऑगस्ट २०१९ मध्ये एसटी महामंडळाने आदिवासी तरुणींना बस चालवण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली.  कोरोनामुळे प्रशिक्षण लांबलं, पण २०२३ मध्ये राज्यात महिला चालक एसटीच्या स्टिअरिंगवर बसल्या. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांना मात्र अशी कोणतीही शाळा मिळाली नव्हती. कायद्याची पदवी असलेल्या या बाई पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रकच्या धंद्यात उतरल्या, स्वतः ट्रक चालवायला शिकल्या आणि देशभर माल पोहोचवू लागल्या. त्यांच्या हिमतीला सलाम करावाच. पण शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक बाईकडून एवढ्या हिमतीची अपेक्षा ठेवणं योग्य नाही. तिच्यासाठी तालुक्यात वर्ग हवा, राहण्याची सोय हवी, स्वच्छतागृह हवं.

आगारातच वर्ग भरला तर

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचं सांगितलं आहे. काम आहे, गाड्या आहेत, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसीही सक्तीचा झाला आहे. अडचण आहे ती पोहोचण्याची. वरवट बकालच्या मुलाने सहा आठवडे नागपूर किंवा पुण्याला राहायचं म्हणजे फी, खोलीभाडं, खानावळ आणि बुडालेली मजुरी. एवढे पैसे ज्याच्याकडे आहेत तो ट्रकवर जाण्याचा विचार क्वचितच करतो.

म्हणून जे आधीच उभं आहे ते वापरायला हवं. एसटीच्या बुलढाणा विभागाचे शेगाव, जळगाव जामोद, खामगाव यांसारखे आगार आहेत. तिथे कार्यशाळा आहे, मेकॅनिक आहेत, लाखो किलोमीटर चालवूनही अपघात न केलेले ज्येष्ठ चालक आहेत. शासकीय आयटीआयमध्ये वर्गखोल्या आणि इंजिनं आहेत. सकाळचे दोन तास आयटीआयत, उरलेला वेळ आगाराच्या आवारात आणि महामार्गावर, असा अभ्यासक्रम आखता येईल. निवृत्त चालकांना शिक्षक म्हणून घेता येईल, कारण नव्या केंद्रांच्या नियमानुसार शिक्षकाकडे बारावी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. ज्यांचं शिक्षण तेवढं नाही पण अनुभव तीस वर्षांचा आहे, त्यांना सहायक म्हणून मैदानात उभं करता येईल. जुन्या उस्तादाची जागा अशा शाळेत असायलाच हवी.

तोवर जे तरुण आज फी भरायला निघाले आहेत, त्यांनी काही गोष्टी आधी विचाराव्यात. शाळेला परिवहन विभागाची मान्यता आहे का आणि ती अवजड वाहनासाठी आहे का? शिकवायचा ट्रक शाळेच्याच नावावर आहे का, त्याला शिक्षकाच्या बाजूचा दुसरा ब्रेक आहे का? गाडी भरलेली असताना चालवायला देतात की फक्त रिकामीच? घाटात नेतात का, रात्री चालवायला देतात का? आणि एक महत्त्वाचा कागद: शिकणाऱ्याने प्रत्यक्ष किती तास गाडी चालवली याची नोंद शाळेला ‘फॉर्म १५’ या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. ते रजिस्टर रोज बघायला मागावं, आपल्या नावापुढचे तास स्वतः मोजावेत, आणि ते खरे असतील तरच पुढचा हप्ता भरावा.