काविळीत नुसत्या उसाच्या रसावर राहू नका



कावीळ म्हटली की आपल्या शिरूर-दौंड भागात बऱ्याच घरांत रोग्याचे तेल, हळद बंद होते आणि त्याला पेज व उसाच्या रसावर ठेवतात. ‘हिपॅटायटिस सी’ या काविळीत हे नडते. हा रोग रक्तावाटे पसरतो. डोळे पिवळे होतीलच असे नाही, पण यकृत वर्षानुवर्षे आतून झिजत राहते.

यावर आता गोळ्या आहेत. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांत तपासणी व गोळ्या मोफत मिळतात. बहुतेकांना 12 आठवडे पुरतात. गोळ्या मध्येच सोडू नयेत.

ऊस आपलाच, तरी खरे सांगितले पाहिजे : रस हे औषध नव्हे. मधुमेह्याने तर तो टाळावाच. अंगातली झीज भरून यायला भाकरी, डाळ, मटकीची उसळ, दूध, अंडी हवीत. मळमळत असेल तर थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे. पोटात पाणी झाले असेल तर मीठ, लोणचे, पापड कमी करावे. बुरशी आलेले शेंगदाणे फेकून द्यावेत. ते यकृताला घातक. झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू तर थेंबभरही नको.

आणि एक. शेजारी बसून, एका ताटात जेवून हा रोग लागत नाही. दाढीचे ब्लेड वेगळे ठेवा. माणसाचे ताट वेगळे करू नका.