बेडरूममधले मशीन आणि गादीतली धूळ

फजरची अजान झाली की आमच्या घरात आधी शिंका ऐकू यायच्या, मग बाकीचे आवाज. धाकट्याला वुजू करतानाच सुरुवात होई. ओळीने दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळे चोळून चोळून लाल. आठ वाजेपर्यंत सगळे शांत, आणि पोरगा शाळेत एकदम ठणठणीत. सासूबाई म्हणायच्या, "थंड पाणी बाधतं त्याला." मग वुजूला गरम पाणी सुरू झाले. शिंका तशाच.

अशात मालेगावच्या नणंदेचा फोन आला. "भाभी, हवा शुद्ध करायचं मशीन घ्या. आमच्या शेजारी घेतलं, त्यांच्या पोराचा पंप सुटला." पंप सुटला! हे दोन शब्द आईच्या कानाला किती गोड लागतात ते ज्यांच्या घरी दम्याचे मूल आहे त्यांनाच कळेल. १४ हजारांचे मशीन आले. हॉलमध्ये टीव्हीशेजारी त्याची जागा ठरली, कारण महागाची वस्तू चारचौघांना दिसायला नको का? दार उघडे, खिडक्या उघड्या, मशीन सुरू. आणि त्याच्या भरवशावर आम्ही मुलाचा पंप हळूहळू बंद केला.

नोव्हेंबरमधल्या एका रात्री दोन वाजता त्याची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. बोलताना वाक्य पुरे होईना. रिक्षाने दवाखाना गाठला, वाफेतून औषध दिले, सकाळी श्वास ताळ्यावर आला. मशीनची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हा झोपतो कशावर?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे होते, पण त्याचा आजाराशी संबंध आहे हे ठाऊक नव्हते. तो झोपत होता माझ्या लग्नातल्या कापसाच्या गादीवर. तिचे वय १६ वर्षे.

गादीत, उशीत, रजईत अगदी बारीक किडे राहतात. आकार मिलिमीटरचा पाव भाग, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. अॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची आणि मेलेल्या शरीराच्या भुग्याची. त्यांना दमट हवा लागते. हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते टिकत नाहीत, आणि आम्ही राहतो मुंब्र्यात, खाडीच्या काठी. पावसाळाभर त्यांची चंगळ असते आणि तो संपता संपता त्यांचा भुगा गादीत भरपूर साठलेला असतो. रात्रभर मूल त्यातच नाक खुपसून झोपते, म्हणून शिंका पहाटे.

आता गंमत पाहा. हा भुगा तसा जड असतो. चादर झटकली, गादीवर उडी मारली की तो हवेत उडतो आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा खाली बसतो. म्हणजे हॉलमध्ये गुणगुणणाऱ्या मशीनच्या तोंडी तो येणार कधी? मशीन म्हणजे शेवटी एक पंखा आणि एक गाळणी. जे हवेत तरंगते आहे तेवढेच त्याच्या हाती लागते. उशीतले त्याला ओढता येत नाही.

म्हणून मशीन निरुपयोगी आहे असे मात्र नाही. त्याची गाळणी खरोखर अस्सल असते. १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुबॉम्बचे काम चालू असताना किरणोत्सारी कण अडवण्यासाठी जी गाळणी बनवली गेली, तीच पुढे हेपा नावाने दवाखान्यांत आणि घरांत आली. ०.३ मायक्रॉनचे १०,००० कण तिच्यातून सोडले तर ९,९९७ अडकतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. धूर, बुरशीचे बीजकण, मांजराच्या अंगावरचा कोंडा, रस्त्यावरून येणारी बारीक धूळ या तरंगत्या गोष्टींवर ती चांगली चालते. हिवाळ्यात मुंबई-ठाण्याची हवा जड होते, बांधकामांची धूळ खिडकीतून आत येते, तेव्हा तिचा फायदा जाणवतो. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. म्हणजे बातम्यांत "हवा मर्यादेत" असे ऐकले तरी दम्याच्या मुलाने निर्धास्त व्हावे असे नाही.

घ्यायचेच असेल तर खोक्यावर "हेपा" आहे की "हेपा टाइप" ते वाचा. दुसऱ्या प्रकारात नुसता शब्द विकला जातो. मग सीएडीआर हा आकडा पाहा. मशीन ताशी किती स्वच्छ हवा देते ते तो सांगतो. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासात पाच वेळा गाळून निघायची तर ताशी १७० घनमीटर लागतात. खोक्यावरचा आकडा मात्र सर्वांत जोराच्या वेगाचा असतो, आणि त्या वेगाच्या आवाजात कुणी झोपत नाही. रात्री आपण ते हळू चालवतो आणि हवा निम्म्याहूनही कमी मिळू शकते. म्हणून खोलीच्या गरजेपेक्षा मोठे घ्यावे, बेडरूममध्ये ठेवावे, भिंतीपासून थोडे दूर, आणि दार लावावे. दार उघडे ठेवून मशीन चालवणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे. विजेची भीती नको. ५० वॅटचे मशीन आठ तास चालले तर महिन्याला १२ युनिट. खरा खर्च फिल्टरचा आहे. तो सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. खरेदीच्या दिवशीच त्याची किंमत विचारा. हेपा फिल्टर पाण्याने धुऊ नका, धुतला की गेला. बाहेरची जाळी तेवढी पंधरवड्याला साफ करावी.

आणि जे मशीन ओझोन सोडून हवा "ताजी" करते ते घरात आणूच नका. ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो, दमेकऱ्यांना अधिकच. कॅलिफोर्नियात हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ हून जास्त ओझोन सोडणाऱ्या घरगुती मशीनच्या विक्रीवर २०१० पासून बंदी आहे.

आमच्या घरातला मोठा धूर तर आम्हीच करत होतो. डासांसाठी खिडक्या लावून रोज रात्री कॉईल जळत असे. २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात असे दिसले की एक कॉईल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते. एका बाजूला कॉईल, दुसऱ्या बाजूला १४ हजारांचे मशीन! आता मच्छरदाणी आहे. जुमेरातच्या संध्याकाळी लोबान होतो, सासूबाईंचा तो जिव्हाळ्याचा विषय, त्यात मी पडणार नाही. पण तो आता बाल्कनीत होतो आणि त्या वेळी धाकटा खाली खेळायला जातो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले त्यातली एक गोष्ट मला कधी सुचली नसती. सजद्यात नाक थेट जानमाजला टेकते. आमची जाड मखमली जानमाज वर्षातून एकदा, रमजानच्या आधी धुतली जाई. आता धाकट्याला पातळ सुती जानमाज दिली आहे, ती दर जुम्याला धुते. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम. गादी-उशीला चेन लावलेले घट्ट विणीचे कव्हर. कापडी अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये, मग धुवायला. जुनी गादी पिंजाऱ्याकडे दिली ती इमारतीच्या खालीच, वर आणून पिंजू दिली नाही. तो कापूस उडतो तेव्हा १६ वर्षांचे सगळे बाहेर येते. झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले.

मालेगावचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथली हवा कोरडी, त्यामुळे गादीतले किडे कमी, पण पॉवरलूमचा कापसाचा तंतू घराघरांत उडतो. नणंदेच्या घरी मशीन घेतले तर लूमच्या खोलीत नाही, झोपायच्या खोलीत लागेल, आणि त्याआधी लूम आणि घर यांच्यामधले दार नीट बंद व्हायला हवे.

आमचा पंप सुरू आहे. सवय लागते म्हणून आम्ही घाबरत होतो, तसे काही नसते. त्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट छातीत जाते. रोजचा पंप आपल्या मनाने थांबवला तर काय होते ते आम्ही पाहिले. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनी, आणि एकदा त्यांनी ती केलीही आहे. पहाटे अजूनही दोन-तीन शिंका येतात. मशीन आता बेडरूममध्ये आहे, दार लावून. परवा फिल्टर बदलला तेव्हा पांढरी घडी राखाडी झाली होती. धाकट्याने ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

नणंदेला मागच्या आठवड्यात सहज विचारले, शेजारच्या मुलाचे कसे आहे? म्हणाली, "त्याचा पंप डिसेंबरमध्येच परत सुरू झाला, भाभी. ते गादीचं कव्हर कुठे मिळतं म्हणालात?"