संत्र्याच्या कलमांची खुंटलेली वाढ

संत्र्याच्या कलमांची खुंटलेली वाढ म्हणजे लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कलमांना पुरेशी नवती न येणे, पाने लहान व पिवळी राहणे आणि शेंडे वाळणे. ही समस्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी, वरुड, अचलपूर व चांदूरबाजार या संत्रापट्ट्यात आढळते. रिद्धपूर हे गाव मोर्शी तालुक्यात आहे. नागपुरी संत्र्याला फळधारणेसाठी साधारणतः पाच वर्षे लागतात. त्यामुळे सुरुवातीचे निदान चुकल्यास बागायतदाराची अनेक वर्षांची मेहनत व खर्च वाया जातो.

पार्श्वभूमी

विदर्भात संत्र्याचे कलम डोळा बांधून तयार करतात. त्यासाठी जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट वापरला जातो. वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. कलमाचा वरचा भाग संत्र्याचा असला तरी मुळे खुंटाची असतात. म्हणून वाढीतील दोषाचा शोध पानांबरोबरच मुळांतही घ्यावा लागतो.

निरीक्षणाचा क्रम

प्रथम बागेतील रोगट कलमांची मांडणी पाहतात. संपूर्ण बागेत वाढ मंद असल्यास जमीन किंवा पाणी व्यवस्थापनातील दोष संभवतो. केवळ सखल भागातील कलमे खुरटली असल्यास निचऱ्याचा अभाव हे कारण असू शकते. निरोगी कलमांमध्ये विखुरलेली कमकुवत कलमे आढळल्यास रोपवाटिकेतूनच आलेल्या दोषाचा संशय घेतात. त्यानंतर एक-दोन कलमांच्या आळ्यातील माती हलकेच उकरून तंतुमुळे तपासतात.

प्रमुख कारणे

* निचऱ्याचा अभाव: भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते. मुळांना प्राणवायू मिळत नाही व पाने पिवळी पडतात. हे लक्षण पाण्याच्या ताणासारखे दिसल्याने अनेकदा आणखी पाणी दिले जाते आणि हानी वाढते.
* मूळकूज व डिंक्या: फायटोफ्थोरा या रोगकारकामुळे तंतुमुळांची साल कुजून सहज निघते व आतील धागा शिल्लक राहतो. खोडाला पाणी लागत असल्यास किंवा कलमाचा जोड मातीत गाडला गेल्यास प्रादुर्भाव वाढतो.
* अन्नद्रव्यांची कमतरता: नत्र कमी पडल्यास जुनी पाने आधी पिवळी होतात. लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात, मात्र शिरा हिरव्या राहतात. जस्ताच्या कमतरतेत पाने अरुंद व लहान राहून पेरांतील अंतर घटते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त असूनही ते मुळांना उपलब्ध होत नाही.
* कीड: सायला, मावा व पाने पोखरणारी नागअळी नव्या पालवीवर उपजीविका करतात. लिंबूवर्गीय सूत्रकृमी मुळांचे नुकसान करतात.
* विषाणू व जिवाणूजन्य रोग: ट्रिस्टेझा विषाणू माव्यामार्फत, तर ग्रीनिंग रोग सायलामार्फत पसरतो. दोन्ही रोग रोगट झाडाच्या डोळ्यांतूनही येतात. ग्रीनिंगमध्ये पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस असमान पिवळे चट्टे दिसतात.

उपाययोजना

साचलेले पाणी काढण्यासाठी उताराच्या दिशेने चर खोदतात. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करतात. बुंध्याला बोर्डो मलम लावतात. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी घेतले जाते. सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता ओळखल्यावर झिंक सल्फेट किंवा फेरस सल्फेटची ०.५ टक्के फवारणी करतात. कुजलेल्या मुळांना खत शोषता येत नसल्याने मूळकुजीत खताची मात्रा वाढवणे निरुपयोगी ठरते. ग्रीनिंगग्रस्त झाड पूर्णपणे बरे करणारा उपाय नाही. त्यामुळे असे कलम उपटून नष्ट करणे व सायलाचे नियंत्रण करणे हाच मार्ग उरतो.

प्रतिबंध

लागवडीपूर्वी माती परीक्षण करून सामू, चुनखडीचे प्रमाण व निचरा तपासणे महत्त्वाचे असते. कलम रोगमुक्त मातृवृक्षापासून तयार केलेले असावे, त्याचा डोळा खुंटावर पुरेशा उंचीवर बांधलेला असावा आणि लागवडीत जोड मातीच्या वर ठेवावा. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या विषयावर संशोधन व मार्गदर्शन करतात.