जुना फॉरमॅट कधी बंद करायचा? पायथनच्या ‘एग’ची गोष्ट

दहा-बारा वर्षांपूर्वीचा पेपर वाचला, सोबतचा कोड डाउनलोड केला आणि तो इन्स्टॉलच होईना. संशोधनात हे हमखास होतं. कोड चालला नाही तर पेपरमधला निष्कर्ष तपासायचा कसा? म्हणून सॉफ्टवेअरचा जुना पॅकेज फॉरमॅट किती वर्षं सांभाळायचा, हा प्रश्न आपल्याही कामाचा आहे.

पायथनचं उदाहरण बघू. 2004 मध्ये सेटअपटूल्सने ‘एग’ हा फॉरमॅट आणला. एग म्हणजे मुळात एक झिप फाइल. ती न उघडता थेट इम्पोर्ट करता येते, ही त्याची सोय. पण त्याचं नीट लिहिलेलं प्रमाण नव्हतं. शिवाय फाइलच्या नावात पायथनची आवृत्ती कळायची, मात्र आतला कंपाइल केलेला भाग नेमक्या कोणत्या बिल्डशी जुळतो हे कळायचं नाही. 2012 मध्ये पेप 427 या प्रस्तावातून ‘व्हील’ आला. त्याचं प्रमाण लेखी आहे आणि ही माहिती फाइलच्या नावातच असते.

मग एग लगेच बंद झाला का? नाही. पायथनची पॅकेजेस जिथे ठेवतात त्या पायपीआयने नवे एग घेणं थांबवलं ते ऑगस्ट 2023 मध्ये, पेप 715 नुसार. तोवर पिप हे नेहमीचं इन्स्टॉलर एग इन्स्टॉल करतच नव्हतं. म्हणजे अपलोड होत होतं, पण बहुतेकांच्या उपयोगाचं नव्हतं. आणि सांभाळणाऱ्यांचं काम मात्र सुरूच होतं.

यातला खरा मुद्दा पुढे आहे. आधी अपलोड झालेले एग काढून टाकले नाहीत. ‘सपोर्ट बंद’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळे निर्णय असतात: नवं घेणं थांबवायचं का, आणि जुनं पुसायचं का. पहिल्याने देखभालीचा भार कमी होतो. दुसऱ्याने एखाद्याच्या थीसिसचा पुरावाच जाऊ शकतो. म्हणून दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

तुमच्या लॅबमध्ये असा निर्णय घ्यायची वेळ आली तर तीन गोष्टी विचारा. आज हा फॉरमॅट प्रत्यक्षात कोण वापरतंय? त्यांना दुसरी वाट आहे का? आणि जुन्या फाइल्स नुसत्या ठेवायला किती खर्च येतो?

स्वतःचा कोड प्रसिद्ध करताना व्हीलसोबत सोर्सची फाइलही द्या. फॉरमॅट जुना झाला तरी सोर्स वाचता येतो, पुन्हा बिल्ड करून बघता येतो. पायथनची आणि लायब्ररींची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा. एक प्रत झेनोडोवर टाकून डीओआय घ्या आणि तो पेपरमध्ये द्या. पाच वर्षांनी तुमचा आलेख पुन्हा काढू पाहणारा विद्यार्थी मग अडणार नाही.