नो डेडलाइन, नो गॅरंटी!

अप्रेझल आलं की पोटात गोळा येतो ना? आता असा जॉब इमॅजिन करा, जिथे एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं बसायचं आणि उत्तर निघेल याची गॅरंटी शून्य. बारावीला गणितात टॉप मारणाऱ्या पोराला दारव्ह्यात काय आणि दादरमध्ये काय, सगळे इंजिनीअरिंगचाच फॉर्म हातात देतात. नंबर थिअरी हे करिअर असतं, हे त्याला सांगणार कोण? (अंकशास्त्र नव्हे हं! नावाचं स्पेलिंग बदलायला लावतात, ते वेगळे.)

या लाइनमधलं आपलं बडं नाव म्हणजे चंद्रशेखर खरे. मुंबईचा हा मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकला. १९९५ साली पीएचडी केली कॅलटेकमधून, पण गाइड यूसीएलएचे हारुझो हिदा. पुढे अमेरिकेत न रमता खरे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आले.

त्यांनी हात घातला तो प्रश्न खतरनाक होता. मुळाशी आहेत आपले रामानुजन. १९१६ साली त्यांनी एका मालिकेतल्या संख्या अभ्यासल्या. त्यातली दुसरी उणे २४. आता २ चा अकरावा घात अधिक १, म्हणजे २०४९. फरक २०७३, बरोब्बर ६९१ च्या तिप्पट! तिसरी संख्या २५२. ३ चा अकरावा घात अधिक १ म्हणजे १,७७,१४८. फरक? ६९१ च्या २५६ पट. कॅल्क्युलेटर काढून बघाच.

ही जादू का होते, तर मागे समीकरणांच्या उत्तरांमधली लपलेली सिमेट्री असते. फ्रेंच गणिती ज्याँ-पिएर सेर यांनी १९७३ मध्ये उलटं विचारलं: विशिष्ट प्रकारची अशी सिमेट्री दिसली, की तिच्यामागे रामानुजन-टाइप मालिका असतेच का? १९८७ मध्ये त्यांनी हे नेमकेपणाने मांडलं. ते सिद्ध झालं की फर्माचं सुप्रसिद्ध प्रमेय आपोआप हाती येतं, एवढा त्याचा वट.

२००४ मध्ये खरे आणि स्ट्रासबर्गचे ज्याँ-पिएर विंटनबर्गर यांनी हल्ल्याचा प्लॅन मांडला. २००५ मध्ये खरेंनी एकट्याने पहिला मोठा टप्पा सर केला. तेव्हा ते युटा विद्यापीठात होते. पूर्ण सिद्धता २००९ मध्ये छापून आली, म्हणजे सेर यांच्या प्रश्नानंतर तब्बल ३६ वर्षांनी. मग फर्मा प्राइझ (२००७), इन्फोसिस प्राइझ (२०१०), विंटनबर्गरांसोबत कोल प्राइझ (२०११), रॉयल सोसायटीची फेलोशिप (२०१२). आता खरे यूसीएलएत प्रोफेसर आहेत, गुरूंच्याच विद्यापीठात! विंटनबर्गर २०१९ मध्ये गेले.

ग्लॅमर मात्र शेवटी येतं, तेही आलं तर. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉकची भटकंती. तोवर बॅचमेट्सचा फ्लॅट बुक झालेला असतो. घरी 'अजून शिकतोयस?' हे ऐकायची तयारी हवीच. तरीही कुणी चुलतभाऊ बीएस्सीला गणित घेऊन बसला असेल, तर त्याला दोन नावं फॉरवर्ड करा: १९९३ पासून भरणारं एमटीटीएसचं उन्हाळी शिबिर आणि एनबीएचएमची स्कॉलरशिप.