संदेहदर्शक भाषाप्रयोग

विधानाच्या सत्यतेविषयी लेखकाची खात्री किती आहे, हे सूचित करणारी शब्दयोजना व क्रियारूपे. इंग्रजी लेखनात ‘मे’, ‘माइट’ ही साहाय्यक क्रियापदे, ‘परहॅप्स’, ‘प्रॉबब्ली’ ही क्रियाविशेषणे आणि ‘सीम’, ‘अपिअर’ ही क्रियापदे या कामी येतात. विधानातील संदिग्धता कमीअधिक करणाऱ्या शब्दांना अमेरिकन भाषावैज्ञानिक जॉर्ज लेकॉफ यांनी १९७२ मध्ये ‘हेज’ (कुंपण) ही संज्ञा योजिली. पुढे संदेहदर्शक शब्दांचाही तीत समावेश झाला.

मराठीत ‘कदाचित’, ‘बहुधा’ या अव्ययांखेरीज क्रियारूपेही हे कार्य करतात. ‘तो आला असावा’ या विध्यर्थी रूपात वक्त्याचा तर्क असतो. ‘आला असेल’ यात अंदाज किंवा नुसती शक्यता असते. ‘आला म्हणे’ यात माहिती ऐकीव असल्याचे सूचित होऊन तिची जबाबदारी वक्ता स्वतःकडे घेत नाही. इंग्रजीतील ‘मे’ शक्यता दर्शविते, परंतु ती तर्काने काढली की ऐकली, हे सांगत नाही. शिवाय त्याच शब्दाने परवानगीही व्यक्त होते.

चरित्रलेखनात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. अक्कलकोट (जि. सोलापूर) येथील स्वामी समर्थांविषयीचे लेखन याचे बोलके उदाहरण होय. त्यांनी ३० एप्रिल १८७८ रोजी अक्कलकोट येथे समाधी घेतली, हे विधान निश्चयार्थी करता येते. त्यांचे तेथील आगमन सुमारे १८५६-५७ मधील असल्याने ‘सुमारे’ हा शब्द आवश्यक ठरतो. गाणगापूरचे नृसिंह सरस्वती हेच कर्दळीवनातून स्वामींच्या रूपाने पुन्हा प्रकट झाले, ही भक्तांची श्रद्धा आहे. म्हणून तेथे ‘मानले जाते’ असे लिहावे लागते. जन्मकाल अज्ञात असल्यास कोशांत त्या जागी प्रश्नचिन्ह घालण्याची प्रथा आहे.

भाषांतरात किंवा संक्षेपात असे शब्द गळाल्यास श्रद्धेला इतिहासाचे आणि तर्काला पुराव्याचे रूप येते. उलटपक्षी, ‘बहुधा असावे असे वाटते’ अशी पुनरुक्ती केल्यास संदेहाचे प्रमाण कळत नाही व निश्चित गोष्टही डळमळीत वाटू लागते. पुराव्याच्या बळाइतकाच निश्चय शब्दांत आणणे, हे शास्त्रीय व ऐतिहासिक लेखनाचे पथ्य होय.